नांगरलेलें कुरण आणि उडालेली माती



सन २०२२ च्या जानेवारींतला तेविसावा दिवस, रविवार, आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्या दिवशीं मुंबईकडून पुण्याकडे एक चमत्कारिक मळभ सरकत आलें. ढग नव्हते, धुकें नव्हतें. सूर्य मात्र कळकट जर्मनच्या ताटासारखा दिसत होता. आमच्या खडकीच्या घराच्या गच्चीवर दोरीवरील कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, कठड्यावर पिठासारखी पांढुरकी धूळ बसली होती. ही धूळ पाकिस्तानाकडे उठलेल्या वादळाची असून ती गुजरात व अरबी समुद्रावरून आपणांकडे आली, असें हवामानखात्याकडून समजलें. शेजारचा आठवींतला एक मुलगा बोटानें कठड्यावरील धुळींत आपलें नांव लिहीत होता. त्यानें मला विचारलें, “गुरुजी, तिकडची माती जर पुण्याला येते, तर पुण्याची माती कुठें जाते?”

उभा जन्म पोरांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत गेला. परंतु या प्रश्नापुढें मी क्षणभर निरुत्तर झालों. त्याला त्या वेळीं जें द्यावयास हवें होतें तें उत्तर आज आपणांस सांगणार आहें. तें भूगोलाच्या पुस्तकांत सांपडण्याजोगें नाहीं; कारण तो भूगोलापेक्षां इतिहासाचा विषय अधिक आहे.

धुळीच्या वादळांचा सर्वांत बोलका इतिहास अमेरिकेचा आहे, म्हणून आरंभ तेथून करावा लागतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेस कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोराडो या संस्थानांतून एक विस्तीर्ण सपाट मुलूख पसरला आहे. पाऊस वर्षाकांठीं पंधरा ते वीस इंच, म्हणजे जवळजवळ आपल्या दौंड-इंदापूरइतकाच, आणि तितकाच लहरी. हजारों वर्षें या भूमीवर आंखूड, चिवट गवत होतें व त्यावर रानरेड्यांचे कळप चरत असत. १८६२ च्या कायद्यानें सरकारनें तेथें वसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन देऊं केली. पुणें जिल्ह्यांतील शेतकऱ्याला १६० एकर म्हणजे वतनच वाटेल. परंतु त्या कोरड्या मुलखांत तेवढ्या जमिनीवर गुरें राखून पोट भरत नाहीं. म्हणून ज्याला त्याला सगळें गवत मोडून गहूं पेरणें भाग पडलें. जमिनी विकणारे दलाल तर सांगत कीं नांगर पुढें गेला म्हणजे पाऊस त्याच्यामागून येतो! कांहीं वर्षें पाऊस खरोखरच बरा पडला, आणि लोकांचा या वेदवाक्यावर विश्वास बसला.

पुढें १९१४ चें महायुद्ध आलें. युरोपांतील शेतें रणांगणें झालीं, गव्हाचा भाव चढला, आणि ट्रॅक्टराला जोडलेल्या तव्यांच्या नांगरांनीं लाखों एकर कुरण उलथून काढलें. युद्धानंतर भाव उतरला. १९३० नंतर तर तो गडगडलाच. आपण म्हणूं कीं मग लोकांनीं पेरा कमी केला असेल. उलट झालें. कर्जाचा हप्ता तेवढाच राहिला व पोत्याची किंमत घटली, तेव्हां पूर्वीइतका पैसा उभा करण्यास अधिक पोतीं, व अधिक पोत्यांस अधिक नांगरट. आणि नेमक्या याच वेळीं, १९३१ पासून, पावसानें पाठ फिरविली. पीक उगवलें नाहीं, गवत तर आधींच मोडलेलें. जमीन उघडी पडली.

११ मे १९३४ च्या सुमारास उठलेलें एक वादळ न्यूयॉर्क व वॉशिंग्टनपर्यंत पोंचलें आणि अटलांटिक महासागरांतील जहाजांवर त्यानें धूळ टाकली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तेथें अद्यापि ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो; भरदुपारीं माणसाला स्वतःचा हात दिसेना. त्याच वसंत ऋतूंत ह्यू बेनेट नांवाचे मृत्तिकाशास्त्रज्ञ सिनेटच्या समितीपुढें मातीच्या रक्षणाविषयीं साक्ष देत असतां पश्चिमेची धूळ राजधानीच्या आकाशांत येऊन ठेपली. सभासदांना खिडकींतून बाहेर पाहणें पुरेसें होतें. २७ एप्रिल १९३५ रोजीं मृत्तिकासंरक्षणाचा कायदा झाला. काळा रविवार आणि कायद्यावरील सही यांत अवघें तेरा दिवसांचें अंतर आहे, हें कृपया ध्यानांत असूं द्या. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां वारा माती उचलतो तरी कशी? वाटतें तितकी ही सोपी गोष्ट नाहीं. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी एंजिनियरानें लिबियाच्या वाळवंटांत व पुढें प्रयोगशाळेंत याचा अभ्यास करून १९४१ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला असें आढळलें कीं, अगदीं बारीक भुकटी सपाट पसरली असतां चांगला वारा सोडूनहि ती जागची हलत नाहीं. गाडीरस्त्यावरील फुफाटा पाहा: वारा असूनहि तो स्वस्थ पडलेला असतो; मेंढरांचा कळप त्यावरून गेला कीं सगळा रस्ता आकाशांत जातो. मेंढरांच्या खुरांचें काम शेतांत वाळूचे कण करतात. साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे कण वाऱ्यानें उड्या मारूं लागतात. प्रत्येक कण खालीं आपटतांना गोटीसारखा दुसऱ्या कणांना उडवितो, आणि त्या माऱ्यानें मोकळी झालेली बारीक भुकटी हवेंत चढते. एकदां चढली कीं ती शेंकडों कोस खालीं येत नाहीं. ज्या शेतांत गवताचीं मुळें आहेत, निदान धसकटें उभीं आहेत किंवा मोठीं ढेकळें आहेत, तेथें कणाला उडी मारण्यास मैदानच मिळत नाहीं. तव्याच्या नांगरानें ढेकळांचा चुरा केला व धसकटें गाडलीं, तेव्हां तें मैदान तयार झालें.

यांत एक विचित्र गोष्ट अशी कीं, हा चुरा करणें ही त्या काळीं शास्त्रशुद्ध शेती मानली जाई. कॅम्बेल नांवाचे कोरडवाहू शेतीचे एक प्रचारक शिकवीत कीं, वरची माती भुसभुशीत धुळीसारखी ठेवावी, म्हणजे खालची ओल उडून जात नाहीं. आपल्याकडेहि “एक कोळपणी, अर्धें पाणी” अशी म्हण आहेच. आणि ती खोटी नव्हे. काळ्या रानाला भेगा पडतात, त्यांतून ओल निघून जाते, कोळप्यानें त्या भेगा बुजतात. परंतु आपली कोळपणी उभ्या पिकाच्या ओळींतून, थंडीच्या मंद वाऱ्यांत होते. तिकडील धूळ उघड्या रानांत, वादळी वाऱ्याच्या तोंडीं ठेवलेली होती. एकच युक्ति एका देशांत ओल राखते व दुसऱ्या देशांत रान उडवून देते.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हें सगळें सातासमुद्रांपलीकडचें. आमच्या दख्खनशीं याचा संबंध काय? संबंध असा आहे कीं, हेंच नाटक आमच्याकडे साठ-सत्तर वर्षें आधीं होऊन गेलें होतें.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं प्रथम बसविलेला सारा इतका जड होता कीं, पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानेंच्या रानें ओस पडलीं. तेव्हां १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत नवी मोजणी करून सारा उतरविला व तो तीस वर्षांसाठीं कायम केला. लोक परत आले. पडीक रानें उठलीं, हें चांगलेंच झालें. परंतु उठतां उठतां गुरांचीं कुरणें व माळहि नांगराखालीं जाऊं लागले. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस विलायतेस जाईना. मुंबईच्या बाजारांत कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश, वऱ्हाडांत कपाशी पसरली. इकडे पुणें-सोलापुराकडे रेल्वेच्या कामांचा पैसा खेळूं लागला व धान्याचे भावहि चढले. सावकारानें हात सैल सोडला. जी बरड जमीन कोणी फुकट घेतली नसती, तिच्यावर लोक कर्ज काढून बैल जुंपूं लागले. अमेरिकेच्या लढाईनें आमचा माळ नांगरला गेला, आणि पुढें युरोपच्या लढाईनें अमेरिकेचा!

१८६५ मध्यें तें युद्ध संपलें, भाव उतरले, आणि थोड्याच काळांत नव्या मोजणीचा वाढीव सारा मात्र येऊन ठेपला. त्याचा परिणाम १२ मे १८७५ रोजीं सुपें गांवच्या बाजारांत दिसला. सावकारांच्या वह्या व खतें लोकांनीं जाळून टाकलीं. ते दख्खनचे दंगे आपण सर्वांनीं शाळेंत वाचले आहेत. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८७६ मध्यें, पाऊस फसला व तो भयंकर दुष्काळ आला. ह्या दोन गोष्टी आपण पुस्तकांत निरनिराळ्या प्रकरणांत शिकतों. मीहि तशाच शिकविल्या. वस्तुतः मोडलेलें कुरण हा त्यांना जोडणारा दुवा आहे. दुष्काळांत पिकाबरोबर वैरणहि गेली. वैरण गेली म्हणून बैल गेले. बैल गेले म्हणून पुढील वर्षीं पाऊस पडूनहि पेरणी होईना.

त्या वेळीं हें पाहणारा मनुष्य पुण्यांत एक होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सावकार व सरकारी कामगार यांच्यावर जे फटके ओढले आहेत ते सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांतील मातीविषयींचा विचार फारसा कोणी वाचीत नाहीं. डोंगरावरील पालापाचोळा व खत पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन मुरत असे, तें आतां येत नाहीं, ही त्यांची तक्रार आहे. आणि सरकारनें आपल्या पलटणींतील व पोलिसांतील रिकाम्या लोकांकडून जागोजाग ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरून मग ओढ्याला जाईल, ही सूचना आहे. खडकी ही छावणीची वस्ती. येथें राहून तीं पानें वाचतांना मला नेहमीं मौज वाटते कीं, जोतीरावांनीं पलटणीला फावडें धरावयास सांगितलें होतें!

मग प्रश्न उरतो तो असा: भाव तोच, नांगर तोच, दुष्काळ तोच, तर दख्खनवर काळा रविवार कां आला नाहीं?

एक कारण मातीचें. काळी माती चिकण असते; तिचीं ढेकळें घट्ट, वाऱ्याला सहसा न जुमानणारीं. दुसरें कारण ऋतूंचें. आपल्याकडील जोराचे वारे आषाढ-श्रावणांत, पावसाळ्याच्या ऐन भरांत, वाहतात. त्या वेळीं जमीन ओली असते. चैत्र-वैशाखांत उघडें काळें रान साठ अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापतें, वावटळी उठतात, वळिवापूर्वीं धुळीचा लोट येतो. परंतु तो घटका दोन घटकांचा पाहुणा. वारा व उघडी कोरडी जमीन यांची दीर्घ गांठ पडते ती केवळ आषाढांत पाऊस दडी मारतो तेव्हां. त्या वेळीं तोच पश्चिमेचा वारा कोरडा होऊन रानावरून फिरतो.

म्हणून आपली माती आकाशमार्गानें फारशी जात नाहीं. ती ओढ्यानें जाते. सोलापूर, विजापूर, अहिल्यानगर या बाजूस मुख्य पीक शाळूचें, म्हणजे रब्बी ज्वारीचें. मृगापासून उत्तरेपर्यंत हें रान मोकळें ठेवावयाचें, मधून मधून कुळवाच्या पाळ्या घालून तणरहित करावयाचें, आणि हस्ताच्या सुमारास पेरावयाचें, ही जुनी वहिवाट. ओल सांठविण्यास ती सोयीची. परंतु वर्षांतला सगळा जोराचा पाऊस नेमका उघड्या, कुळवलेल्या रानावर पडतो. थेंबांच्या माऱ्यानें वरची माती लोण्यासारखी होऊन तिचा थर बसतो, पाणी मुरेनासें होतें, आणि तें गढूळ होऊन उताराला लागतें. ओढ्याला पूर आला कीं आपण म्हणतों, यंदा पाऊस चांगला झाला! अमेरिकेच्या शेतकऱ्यानें आपली जमीन डोळ्यांदेखत उडतांना पाहिली. आमची जमीन पाण्याच्या वेषांत गेली, आणि आम्हीं पुलावर उभे राहून तिला हात जोडले.

या मातीला राखणारे बांध कां घातले गेले नाहींत, याचें उत्तर खडकीहून सहासात किलोमीटरांवर सांपडतें. आज उंच इमारतींनीं गजबजलेलें पिंपळे सौदागर हें त्या काळीं एक लहान खेडें होतें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह तेथें घरोघर फिरून जमिनीची पाहणी केली व ती १९१७ मध्यें प्रसिद्ध झाली. १७७१ मध्यें तेथें खातें सरासरी ४० एकरांचें होतें; १९१५ च्या सुमारास तें ७ एकरांवर आलें. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली, त्यांतील ४६३ तुकडे एकराहून लहान! ज्याच्याकडे ४० एकर होते तो दहा एकर गवताला सोडूं शकत असे. सात एकरवाला बांधावरचें गवतहि कोरून काढतो. शिवाय उतारावरचें पाणी खातेउतारा पाहून वाहत नाहीं. वरच्या रामाच्या तुकड्यांतून सुटलेला लोट खालच्या गोविंदाचा बांध फोडणारच. मग गोविंदानें एकट्यानें बांध घालावा कशाला? अमेरिकेंत कायद्यानें दिलेले १६० एकर अपुरे म्हणून कुरण मोडलें, येथें वारसाहक्कानें सातावर आलेले एकर अपुरे म्हणून. आळस किंवा अज्ञान हें कारण देण्याची साहेबलोकांना व आपणां शहरवासीयांनाहि खोड आहे. पण पोटासाठीं नांगर धरणाऱ्याला अज्ञानी म्हणण्यापूर्वीं त्याचा सातबारा पाहावा.

मातीचें माप घेण्याचें काम मात्र आपल्याकडेहि सुरू झालें होतें. पुण्याजवळ मांजरी येथें १९२३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग चालू झाले, एन्. व्ही. कानिटकर यांनीं ते पुढें चालविले, आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथें त्यांचीं स्वतंत्र केंद्रें निघालीं. तेथें उताराच्या लहान लहान पट्ट्या आंखून प्रत्येकीवरून किती पाणी व किती माती वाहते हें मोजीत. गवत राखलेल्या पट्टीवरून माती फारच थोडी जाई, मोकळ्या पट्टीवरून पुष्कळ. वाचणारास यांत नवल वाटणार नाहीं. परंतु ‘जाते’ म्हणणें व मोजून दाखविणें यांत फरक आहे. त्यांतून मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत सिद्ध झाली: शेताला बांध, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट, बेताचें शेणखत, विरळ पेरा, ओळींत हातभर अंतर व वेळोवेळीं कोळपणी. आणि १९४२ मध्यें एका उतारावरील सर्व खातेदारांची मिळून एकच योजना करतां येईल असा जमीन-सुधारणेचा कायदा मुंबई इलाख्यांत झाला. अमेरिकेला तेरा दिवस लागले. आम्हांला, १८७६ चा दुष्काळ धरला तर, सहासष्ट वर्षें. धूळ डोळ्यांत गेली म्हणजे माणूस लवकर जागा होतो!

१९७२ चा पावसाळा मला स्वतःला आठवतो. बारा वर्षांचा होतों. आजोळ इंदापूर तालुक्यांत, माळाच्या कडेला. आषाढांत पाऊस नव्हता, वारा मात्र रात्रंदिवस चालू. भाकरींत कचकच लागे. शेराच्या कुंपणाशीं मातीचे लहान लहान ढीग सांचले होते, आणि मामांच्या वरच्या रानांत जिकडे तिकडे दगड दिसूं लागले होते. आजी म्हणे, “यंदा दगडांचंच पीक आलंय बघ.” पुष्कळ शेतकऱ्यांची अशी समजूत असते कीं दगड जमिनींतून वाढून वर येतात. दगड होते तेथेंच होते; माती खालीं गेली होती. तीहि त्या एका वर्षांत नव्हे. पूर्वींच्या चांगल्या पावसानें शंभर वर्षें धुवून नेलेल्या रानावर वाऱ्यानें शेवटचा हात फिरविला, इतकेंच. त्या हिंवाळ्यांत व पुढील उन्हाळ्यांत राज्यभर दुष्काळी कामें निघालीं. १९७३ च्या मे महिन्यांत त्यांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसें होतीं. आमचे मामा व मामी रस्त्याच्या कामावर खडी फोडीत. ज्यांच्या रानांत दगड उरले त्यांनीं दगड फोडून पोट भरावें, असा तो न्याय होता. पाझर तलाव व नालाबंडिंगहि त्याच काळीं पुष्कळ झालें, आणि त्याच अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्यें आला, हें न्याय्य दृष्टीनें सांगितलें पाहिजे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतों. पुण्याची माती कुठें जाते? ती मुळा-मुठेनें भीमेला जाते आणि भीमा तिला उजनीच्या जलाशयांत नेऊन ठेवते. धरण १९८० मध्यें पुरें झालें. तेव्हांपासून पुणें जिल्ह्यांतील रानांचा गाळ तेथें बसत आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठावर तो काळाभोर, भेगाळलेला दिसतो. आणि माळ अजूनहि मोडत आहेत. आतां बैलांऐवजीं यंत्रानें, ज्वारीऐवजीं उंसासाठीं व फळबागांसाठीं. सोलापुराजवळ नान्नजच्या माळावर १९७९ मध्यें माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य केलें. गवत मोडत गेलें तसा तो पक्षी तेथें जवळजवळ दिसेनासा झाला.

२०१७ पासून सरकारनें तलावांतील गाळ काढून शेतांत नेण्याची योजना चालविली आहे. तेव्हां एके वर्षीं मेच्या अखेरीस आजोळीं गेलों असतां मामेभावाच्या वरच्या रानांत गाळाच्या ट्रॉल्या रित्या होत होत्या. ज्या मुरमांत १९७२ मध्यें दगड दिसले होते, त्यावर वीतभर काळी माती पसरली जात होती. भाव एका ट्रॉलीचा, डिझेल व यंत्राचें भाडें मिळून, त्यानें मला सांगितला, तो ऐकून मी म्हटलें, “अरे, एवढ्या पैशांत तर नवें रान येईल!” तो हंसला आणि म्हणाला, “नवं कुठलं, भाऊ? आपलंच आहे, वाहून गेलेलं परत आणतोय.” नंतर त्यानें पोरांना हांक मारून खालच्या अंगाचा बांध पाऊस येण्यापूर्वीं आणखी हातभर उंच करावयास सांगितलें.